निम्मे नाना

"नाना, चहा घेणार?"

"निम्मा."

साताऱ्याच्या सदरबझारात हे उत्तर इतकं ठरून गेलंय की नानांपुढं भरलेला कप आता कुणी ठेवतच नाही. भाकरी निम्मी, पेपर निम्मा (उरलेला दुपारी), अजिंक्यताऱ्यावर सकाळचं फिरणं निम्म्या वाटेपर्यंत. एका कुरिअरवाल्याला निम्मे हे आडनावच वाटलं आणि त्यानं "श्री. निम्मे" अशी हाक मारली. नानांनी ओ दिली. आता पत्ता विचारणाऱ्याला आम्हीही तेच सांगतो.

नाना टेलिफोन खात्यात होते. फोन मात्र त्यांनी कधी जोडला नाही की दुरुस्त केला नाही. त्यांची सारी नोकरी एक्स्चेंजच्या मागच्या बाजूला, बॅटरी रूममध्ये गेली. तिथं दोन-दोन व्होल्टचे चोवीस सेल ओळीनं मांडलेले असत, मिळून ४८ व्होल्ट. गावातली लाईट गेली तरी रिसीव्हर उचलल्यावर टोन यायचा, तो या चोवीस जणांच्या जिवावर. रोज सकाळी नाना हायड्रोमीटरची काचेची नळी घेऊन एकेकाची ग्रॅव्हिटी बघायचे आणि रजिस्टरात लिहायचे. लहान मुलाचा ताप बघावा तशी. २००० साली खात्याची कंपनी झाली, दारावर बीएसएनएलची पाटी लागली. नानांनी रजिस्टरचं पान उलटलं, इतकंच.

ते निवृत्त झाले तो काळ लोडशेडिंगचा. कोयनेचं धरण आमच्या जिल्ह्यातलं, त्या पाण्यावर १९६० मेगावॅट वीज काढायची सोय. ठोसेघरच्या वाटेला लागलं की चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या गरागरा फिरताना दिसायच्या. आणि घरी आलं की पंखा बंद. अशा दिवसांत बॅटरी कळणारा माणूस गल्लीत असणं म्हणजे दारात डॉक्टर असणं. २०१० च्या उन्हाळ्यात मी इन्व्हर्टर घ्यायचं ठरवलं, तेव्हा साहजिकच आधी नानांकडं गेलो.

"दुकानदार काय म्हणाला, मास्तर?"

"दीडशेची एक बॅटरी घ्या म्हणाला. चार तास आरामात निघतील."

"आरामात कोण? तुम्ही, तो, की बॅटरी?"

मी शाळेत मराठी शिकवतो. अशा प्रश्नांना माझ्याकडं उत्तर नसतं. नानांनी एक लग्नपत्रिका काढली. आलेल्या पत्रिका ते जपून ठेवतात. त्यातल्या किती लग्नांना जातात ते ठाऊक नाही, पण पाठकोऱ्या बाजू सगळ्या भरलेल्या.

"काय काय चालवणार?"

"दोन पंखे. तीन ट्यूब."

"पंखे ७५ चे, झाले दीडशे. ट्यूब चोकसकट पन्नास धरा, आणखी दीडशे. तीनशे वॅट, चार तास, म्हणजे बाराशे वॅट-अवर. आता मधे हा इन्व्हर्टर बसलाय. तो फुकट काम करत नाही, शंभरात वीस दलाली खातो. तेव्हा बॅटरीतून निघाले पाहिजेत पंधराशे. भागिले बारा व्होल्ट. सव्वाशे अँपिअर-अवर."

"म्हणजे दीडशेची पुरून उरली की!"

नानांनी चष्मा काढला. पेपर तपासताना मी मुलांकडं ज्या नजरेनं बघतो, ती नजर मला पहिल्यांदाच समोरून दिसली.

"मास्तर, तुमचा पगार किती?"

मी सांगितला.

"हातात किती पडतो?"

तेही सांगितलं.

"झालं तर. दीडशे हा बॅटरीचा कागदावरचा पगार आहे. तोही वीस तासांच्या संथ हिशेबानं. साडेसात अँपिअरनं काढत बसाल तर वीस तास देईल. तुम्ही काढणार तीस अँपिअरनं. मग ती दीडशे देत नाही. १८९७ साली पॉइकर्ट म्हणून एका जर्मन माणसानं हे मोजून ठेवलंय."

पॉइकर्टचं नाव नाना काशीला जाऊन आलेल्या मोठ्या चुलत्याचं घ्यावं तसं घेतात. "यवतेश्वरचा घाट रमतगमत चढलात तर वर जाऊन पुन्हा कासचा रस्ता धराल. पळत सुटलात तर दुसऱ्या वळणाला कठड्यावर बसाल. पाय तेच, घाट तोच." पुढं काही वर्षांनी साताऱ्यात मॅरेथॉन सुरू झाली, ती नेमकी याच घाटात, आणि अर्धी. नानांना केवढं समाधान! "बघा," म्हणाले, "गावाला कळलं."

तर माझा हिशेब. सव्वाशे काढायचे असतील तर बॅटरीत अडीचशे हवेत, कारण निम्म्याच्या खाली उतरायचं नाही. शिवाय बॅटरी म्हातारी होणार. तिची ताकद ८० टक्क्यांवर आली की ती रिटायर झाली असं समजायचं. पण रिटायर होण्याच्या आदल्या दिवशीही अडीचशे भरले पाहिजेत, तर आज किती हवी? नानांनी अडीचशेला शून्य पूर्णांक आठनं भागलं. तीनशे साडेबारा.

"दीडशेच्या दोन घेतल्या तर तीनशे," ते पुटपुटले. "साडेबारा कमी पडतात." बराच वेळ पत्रिकेकडं बघत राहिले. मग म्हणाले, "तिसरी ट्यूब कशाला हवी?"

मी दोन घेतल्या. एकापुढं एक जोडून, चोवीस व्होल्टच्या इन्व्हर्टरला. शेजारी-शेजारी जोडायला नानांची सक्त मनाई. एका टेबलाला दोन कारकून बसवले की एक काम करतो आणि दुसरा त्याच्याकडं बघतो, हे त्यांनी खात्यात पुष्कळ पाहिलेलं. नव्या बॅटरीला जुनी जोडणं तर त्याहून वाईट. म्हातारीच्या चालीनं नवीला चालावं लागतं. पोटमाळ्यावर ठेवू नका, पत्र्याखाली ठेवू नका, पंचवीस डिग्रीच्या वर दर दहा डिग्रीला आयुष्य निम्मं. (इथं तरी निम्मं म्हणताना नाना हळहळले.) त्यांच्या स्वतःच्या घरात सगळ्यात थंड जागा माजघरातला उत्तरेचा कोपरा. तिथं पूर्वी पाण्याचा माठ असायचा. आता तिथं लाकडी फळीवर दोन बॅटऱ्या आहेत आणि माठ उन्हाळाभर जिन्याखाली कोमट होत बसतो. काकूंनी यावर एकदाच काय ते बोलून घेतलंय.

निम्म्याचं कारण मी त्यांना विचारलं होतं. खरं तर विचारायला नको होतं, कारण शाळेची वेळ झाली होती. पण त्यांनी समजावलं ते मला, मराठीच्या माणसाला, कळलं. बॅटरीतून वीज काढली की आतल्या शिशाच्या प्लेटांवर एक पांढरट थर धरतो. चार्ज केली की तो विरघळतो. पातेल्याच्या तळाला दूध लागतं ना, तसं. थोडं लागलं आणि लगेच घासलं तर निघतं. तळापर्यंत करपवलं आणि चार दिवस तसंच ठेवलं, तर तारेची घासणीही हात टेकते. मोटारीची बॅटरी तर यातली नव्हेच. तिच्या प्लेटा पातळ आणि पुष्कळ, एका दणक्यात इंजिन फिरवायचं आणि मग वाटभर आयतं खायचं एवढंच तिचं काम. तासन्‌तास ओझं वाहायचं तर प्लेटा जाड हव्यात. इन्व्हर्टरच्या ट्युब्युलर बॅटरीत तर धन प्लेटेचा मसाला नळ्यांत भरलेला असतो, म्हणजे झडून तळाला बसत नाही.

"आणि मास्तर, हे काय बॅटरीचंच आहे होय? कोयनेत पाणी किती मावतं? १०५ टीएमसी. सगळं मिळतं? पेपरात रोज दोन आकडे येतात. एकूण साठा आणि उपयुक्त साठा. मधला फरक कसला? मृतसाठा! सरकारला कळतं, दुकानदाराला कळत नाही."

मृतसाठा हा शब्द त्या दिवसापासून आमच्या गल्लीत रुळला. पाकिटातली शेवटची पन्नासाची नोट मृतसाठा. नानांचा नातू डब्यातल्या शेवटच्या कंदी पेढ्याला मृतसाठा म्हणतो आणि खातो.

नानांच्या आयुष्यात या तत्त्वाला आव्हान देणारा एकच माणूस निघाला, आणि दैव असं की तो त्यांचा व्याही झाला.

अण्णा सांगली जिल्ह्यातले, भिलवडीच्या बाजूचे द्राक्षबागायतदार. २००९ मध्ये आम्ही चार जण नानांच्या मुलासाठी मुलगी बघायला गेलो. पोहे आले, मुलगी आली, प्रश्नोत्तरं झाली, आणि बघतो तर नाना जागेवर नाहीत. पंधरा मिनिटांनी मागच्या दारानं आले ते चेहरा पाडून. मुलीकडची मंडळी चपापली. पत्रिकेत काही निघालं, की कुणी काही कानावर घातलं? काकूंनी हळूच विचारलं, "काय झालं?"

"मुलगी चांगली आहे," नाना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "बॅटरीत पाणी नाही."

पत्र्याच्या शेडमध्ये खताच्या पोत्यांना टेकून अण्णांची दीडशेची बॅटरी उभी होती. टर्मिनलवर हिरवट-पांढरी बुरशी, बूच उघडलं तर प्लेटा कोरड्या. लाईट गेली की अण्णा घरातलं सगळं लावत. पंखे, टीव्ही, शेडमधला बल्ब, शेजाऱ्यांना ओढून दिलेली वायर. इन्व्हर्टर शेवटची शिट्टी मारून स्वतःच बंद पडला की "चला, झोपा आता" म्हणत. दोन वर्षांनी बॅटरी भंगारवाल्याला किलोवर द्यायची आणि नवी आणायची.

"पाव्हणं," नानांनी शांतपणे विषय काढला, "चार किलो द्राक्षं वाळवली की बेदाणा किती निघतो?"

"किलोभर."

"मग बॅटरीतही द्राक्षं किती आणि बेदाणा किती, ते बघायला नको?"

"आवो पाव्हणं, बेदाणा इकायला आसतुया. घरात आमी द्राक्षंच खातो!"

लग्न ठरलं. बोलणीत अण्णांनी देण्याघेण्याचं विचारलं तेव्हा नाना म्हणाले, काही नको, फक्त डिस्टिल्ड वॉटरचा एक कॅन घ्या आणि तुमच्याच बॅटरीत घाला.

पुढची वर्षं हे दोघं फोनवर भांडत राहिले. अण्णांचा सर्वांत मोठा विजय २०१२ च्या एप्रिलमधला. कोयनेत तेव्हा दुसरं लेक टॅपिंग झालं. खालच्या पातळीवरचं पाणी घेता यावं म्हणून जलाशयाला तळाकडून बोगद्यानं भोक पाडलं. त्याच संध्याकाळी फोन आला. "पाव्हणं, टीव्ही बघितला का? तुमचा मृतसाठा सरकारनंच खालनं भोक पाडून काढला की वो!" नाना दोन दिवस पेपर निम्मासुद्धा वाचत नव्हते.

पण खरी लढाई त्याच्या एक वर्ष आधीची. २ एप्रिल २०११, शनिवार, वर्ल्ड कपची फायनल. आमच्या पेठेतला फ्यूज उडाला आणि सगळी गल्ली नानांच्या माजघरात येऊन बसली, कारण सगळ्यांच्या बॅटऱ्या कधीच्या मान टाकून बसल्या होत्या आणि नानांची ठणठणीत होती. नानांनीही मोठ्या मनानं टीव्ही लावू दिला. श्रीलंकेनं २७५ चं आव्हान दिलेलं. गंभीर ९७ वर गेला, तेव्हा आम्ही हळहळलो. नाना त्या वेळी कोपऱ्यात टॉर्च तोंडात धरून हायड्रोमीटर बुडवत होते. भरलेल्या बॅटरीची ग्रॅव्हिटी १२४० असते. "१२००," ते आतून म्हणाले. धोनी आणि युवराज खेळत होते. "११९०." कुणीतरी म्हणालं, नाना, बसा हो. शेवटची दोन षटकं उरली, हाताच्या बोटांवर मोजाव्यात एवढ्याच धावा हव्या होत्या, आणि टीव्ही बंद झाला.

पहिल्या क्षणी वाटलं बॅटरी संपली. मग अंधारातून आवाज आला, "११८०. निम्मी झाली."

त्यानंतर त्या खोलीत जे बोललं गेलं ते मी मराठीचा शिक्षक असूनही इथं लिहू शकत नाही. दोन-चार मिनिटांत पोवई नाक्याकडून पहिला फटाका वाजला, मग मोती चौकाकडून माळ. धोनीनं षटकार मारून कप जिंकला हे सदरबझारातल्या तीस माणसांना असं कानांनी कळलं. तेवढ्यात सूनबाईंचा फोन वाजला. पलीकडं अण्णा ओरडत होते, "पोरी, छक्का बघितलास का?"

त्यांच्याकडंही लाईट नव्हती. इन्व्हर्टर डावाच्या मध्यावरच झोपला होता. अण्णांनी ट्रॅक्टरची बॅटरी काढून त्याला जोडली आणि अख्ख्या वस्तीनं कप जिंकलेला डोळ्यांनी बघितला. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर चालू होईना. बारा माणसांनी तो मळ्यातून उतारापर्यंत ढकलला. नानांना हे कळलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर दहा वर्षांनी तरुण झाल्यासारखं तेज आलं. "स्टार्टरची बॅटरी," ते म्हणाले. "पातळ प्लेटा. मी सांगितलं नव्हतं?" तीस माणसांतल्या एकानंही त्यांना दाद दिली नाही. माझ्यापुरतं बोलायचं तर तो षटकार मी नंतर शंभर वेळा पाहिला असेल, पण दर वेळी मला आधी हायड्रोमीटर दिसतो.

पुढं लोडशेडिंग ओसरलं. महिन्यातून एखाद्या वेळी लाईट जायची, तीही तासाभरासाठी. नानांच्या बॅटऱ्या भरलेल्या, पुसलेल्या, टर्मिनलला व्हॅसलीन लावलेल्या अवस्थेत माजघरात बसून होत्या. दर रविवारी ग्रॅव्हिटी, दर महिन्याला पाणी. आमच्या तोवर दोनदा बदलून झाल्या. माझ्याही, कारण तिसरी ट्यूब मी काढली नव्हती.

२०१८ च्या मे महिन्यात त्या गेल्या. नऊ वर्षं. भंगारवाला वजनकाटा घेऊन आला तेव्हा नानांनी त्याला आधी बसवून घेतलं, पाणी दिलं आणि रजिस्टर दाखवलं. तो बिचारा मान डोलवत होता. रजिस्टरात प्रत्येक वेळी किती वाजता लाईट गेली, किती वाजता आली, काय काय चालू होतं, किती वॅट, सगळं होतं. सूनबाई पतसंस्थेत हिशेबनीस आहेत. आकड्यांचे रकाने दिसले की त्यांची बेरीज केल्याशिवाय त्यांना राहवत नाही. दुपारभर मोबाईलवर बोटं चालवून संध्याकाळी त्या म्हणाल्या, "नाना, दोन्ही मिळून नऊ वर्षांत चारशे तीस युनिट काढलेत आपण."

"बघ!"

"आमच्या आण्णांची एकच असायची. रोज सव्वा-दीड युनिट तरी काढायचे. दोन वर्षांत मेली तरी नऊशे युनिट देऊन मेली."

माजघर गप्प झालं. काकू स्वयंपाकघरातून दारापर्यंत आल्या. मला वाटलं, नाना आता पॉइकर्टला बोलावतील. त्यांनी रजिस्टर मिटलं, पुन्हा उघडलं.

"एक्स्चेंजमध्येही असंच व्हायचं," ते म्हणाले. "सेल बदलायचे दिवस यायचे. जुने उचलून गाडीत घालायचे. बसल्या बसल्या आतून झिजलेले असायचे. रजिस्टर काढून बघितलं तर सगळ्या आयुष्यात त्यांनी काम केलेलं असायचं थोड्याच दिवसांचं. बाकी सगळा वेळ तयार राहण्यात." मग जरा थांबून, "पण टोन कधी गेला नाही."

सूनबाई काही बोलल्या नाहीत. पुढच्या महिन्यात त्यांनी स्वतःच्या पैशांनी लिथियमची बॅटरी आणली. माणूस येऊन चार्जिंगचं सेटिंग बदलून, भिंतीला बसवून गेला. नाना तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून आले.

"बूच कुठं आहे?"

"नसतं."

"मग पाणी?"

"लागत नाही."

हायड्रोमीटर हातात तसाच धरून ते खुर्चीवर बसले. बसवायला आलेला पोरगा उत्साहानं सांगत होता: काका, हिच्यातली ८०-९० टक्के खुशाल वापरा, आपली आपण बंद होते, आयुष्यही दुप्पट-तिप्पट. अण्णा मुद्दाम भिलवडीहून बघायला आले होते. पेढ्याचा तुकडा तोंडात टाकत म्हणाले, "घ्या पाव्हणं, आता तरी पोटभर काढा."

त्याच रात्री वळवाचा पाऊस झाला आणि लाईट गेली. पाहुण्यांसकट सगळे पंखे चालू, टीव्ही चालू. बॅटरीच्या अंगावर टक्क्यांचा आकडा होता, त्याच्यासमोर नाना खुर्ची टाकून बसलेले. ८४. ७१. ६०. बारा वाजून गेले. मला घरी जायचं होतं, पण उठवेना.

५१ झाला तेव्हा नाना उठले.

"नाना," सूनबाई म्हणाल्या, "अजून चाळीस आहेत."

"आहेत ना," नाना म्हणाले. "तुम्ही वापरा." आणि आपल्या खोलीत जाऊन त्यांनी तिथला पंखा तेवढा बंद केला, दिवा मालवला आणि घामाघूम अंधारात शांतपणे आडवे झाले.

पाच मिनिटांनी काकू उशी आणि गादी ओढत हॉलमध्ये आल्या. "सरका, आण्णा," व्याह्यांना म्हणाल्या, "मला त्या पंख्याखाली जागा करा."